काजूच्या डब्यातल्या बिया

परवीनआपांनी खजूर तोंडात टाकला, तिथपर्यंत माझं काहीच म्हणणं नव्हतं. खजूर घ्यायचा तर चाखून घ्यावा, हे किराणा दुकानदाराच्या पोरीला कुणी शिकवायला नको. बारामतीच्या त्या मोठ्या दुकानात सुट्या सुक्यामेव्याची अख्खी भिंत आहे. एकावर एक पारदर्शक डबे, त्यांना झाकणं, आणि प्रत्येक डब्यात साखळीनं बांधलेला एक चमचा. परवीनआपांनी झाकण उचललं, चमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, दोन बोटं आत घातली आणि एक खजूर उचलून तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला. मग त्याच दोन बोटांनी ओठांतून बी ओढून काढली, शेजारच्या डब्याचं झाकण उचललं आणि ती ओली बी काजूंमध्ये सोडून दिली. झाकण नीट लावलं. "ग्वाड हाय," मला म्हणाल्या, "पर जरा बारका हाय."

मी "व्हय का" म्हणाले. दुसरं काय म्हणणार. किळस आली की माझ्या तोंडाला आधी पाणी सुटतं, मग जबड्याच्या मागं, कानाखाली दुखायला लागतं. तसं दुखायला लागलं. बी डब्याच्या आतल्या बाजूला चिकटून बसली होती आणि तिच्यावर खजुराचा एक तपकिरी धागा राहिला होता, तो मला बाहेरून दिसत होता. पांढरे, अख्खे, महागाचे काजू आणि त्यांच्यात ती. कुणीतरी ते काजू चमच्यानं काढून नेईल, घरी खिरीत घालील, पोराच्या हातावर ठेवील. माझी नजर तिथून हलेना. मला वाटलं, आत्ता हात घालावा आणि ती बी काढून बाईच्या पर्समध्ये टाकावी. पण मी हात घातला नाही, कारण परवीनआपा माझ्या होणाऱ्या विहीणबाई होत्या आणि चार दिवसांवर माझ्या नौशीनची मंगनी होती.

सकाळी इंदापूरच्या स्टँडवर एसटीत चढायच्या आधी नौशीननं माझा दंड धरला होता. "अम्मी, आज तू कायबी बोलायचं न्हाय. त्या काय म्हणू दे, काय करू दे." मी म्हणाले, "न्हाय बोलत." ती म्हणाली, "शपथ घे." भर स्टँडवर, उसाचा रस विकणाऱ्याच्या गाड्याशेजारी, सत्तावीस वर्षांच्या पोरीनं आईला शपथ घ्यायला लावली आणि मी घेतली. तिचंही चुकलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी अकलूजचं स्थळ जमत आलं होतं, ते माझ्या तोंडामुळं गेलं. त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. मुलाच्या आत्यानं रश्श्याचा डाव उचलला, जिभेनं चाटून मीठ बघितलं आणि तोच डाव परत पातेल्यात बुडवला. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "तेवढा डाव धुऊन घ्या." एवढंच म्हणाले. आठ दिवसांनी निरोप आला, मुलाचा विचार बदललाय. त्यानंतर नौशीन महिनाभर माझ्याशी बोलली नाही. औषधांच्या दुकानात नोकरीला जायची, परत यायची, खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा आतूनच म्हणाली, "तुझ्या स्वच्छतेपायी मी म्हातारी हुणार." तिचा बाप, अल्ताफ, सगळ्यालाच हो म्हणणारा माणूस, त्यालाही हे खरंच वाटलं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं.

परवीनआपांचा दानिश चांगला मुलगा आहे, त्याच्याविषयी मला एक शब्द काढायचा नाही. दूध प्लांटात तपासणीवर असतो. नौशीनचा फोन वाजला की ती आधी केस मागं सारते आणि मगच उचलते. फोनला केस कुठं दिसतात, पण ती सारते. ते बघितल्यापासून मी ठरवलं होतं की यावेळी तोंडाला कुलूप. म्हणूनच परवीनआपांचा फोन आला, "मंगनीचा सुका मेवा आपण संगंच घिऊ, म्हंजी मागनं कुणाचं बोलणं नगं," तेव्हा मी लगेच बरं म्हणाले. ताटं मुलीकडची असली तरी माल मुलाच्या आईच्या पसंतीचा हवा, म्हणजे मंगनीच्या दिवशी कुणी बदाम खवट निघाला म्हणून नाक मुरडणार नाही. ही सोय मलाही पटली. पण पसंती म्हणजे बाई बत्तीस डब्यांतून चरत जाणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कारण ती चरतच होती. इथून पुढं मनातल्या मनात मी तिला अहोजाहो करू शकले नाही. तिनं काळे मनुके खाल्ले, पिवळे मनुके खाल्ले. अंजिराचा एक घास घेऊन उरलेलं अर्धं अंजीर पर्सच्या कडेवर ठेवलं आणि थोड्या वेळानं तेही खाल्लं. पिस्ते दातांनी फोडले आणि टरफलं अक्रोडांत टाकली. परत खजुरावर आली, आता दुसऱ्या जातीच्या, आणि पुन्हा तेच. बी ओढली, झाकण उचललं, काजूंत. मग त्याच डब्यातून, बोटानं ती बी बाजूला सारून, दोन काजू उचलले आणि खाल्ले. आपलीच बी बाजूला सारली, एखाद्यानं गर्दीत कुणाला जरा सरका म्हणावं तशी. आणि सगळा वेळ बोलत होती. हॉल कुठला घेतलाय, मांडववाला कसा लुच्चा आहे, तिच्या नणंदेच्या पोरीला सासरी काय काय मिळालं. बोलताना ओठांच्या कोपऱ्यात अंजिराची बी अडकली होती, ती वर-खाली होत होती. मी त्या बीकडं बघत हं हं म्हणत होते. ती कधी पडेल आणि कशावर पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तसं बघितलं तर तिथं ती एकटी नव्हती. मी मुद्दाम इकडंतिकडं बघितलं, आपल्याच माणसाला दोष नको म्हणून. एक बाप पोराला आंब्याच्या रसाचा डबा फोडून पाजत होता. निदान तो रिकामा डबा त्यानं ट्रॉलीत जपून ठेवला होता, बिल करायला. कॉलेजची दोन पोरं वेफर्स खात खात साबणांच्या रांगेत गेली आणि परत आली तेव्हा त्यांचे हात मोकळे होते. पाकीट साबणांच्या मागं गेलं असणार. फळांजवळ एक चांगली शिकलेली दिसणारी बाई प्रत्येक घडातलं एकेक द्राक्ष तोडून खात होती आणि घड उलटा ठेवत होती, तोडलेली बाजू खाली. सगळीकडं जबडे हलत होते. जे पाकिटात आहे त्याचं निदान रिकामं पाकीट उरतं. सुटं खाल्लेलं काट्यावर येत नाही, पोटात गेलं की संपलं. पण माझी किळस त्याची नव्हतीच. खा बाई, पोटभर खा. तोंडातलं परत टाकू नकोस, एवढंच माझं म्हणणं. तोंडातून निघालेली वस्तू दुसऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंत टाकायची आणि वर झाकण लावायचं, हे मला समजतच नाही. ते झाकण लावणं तर मुळीच समजत नाही. म्हणजे तिला कळत होतं.

माझं स्वतःचं मिरची कांडप आहे, इंदापुरात, वीस वर्षं झाली. बायका मिरच्या, धने, खोबरं घेऊन येतात, आम्ही मसाला कुटून देतो. चव बघायची तर मी चमच्यानं वरून त्यांच्या तळहातावर टाकते आणि तो चमचा हाताला लागू देत नाही. नवीन बायका हसतात, "सुरैय्याभाभीचा सोवळा कारभार" म्हणतात. हसू देत. तळहातावर वरून टाकायचं, ही रीत अब्बांची. अब्बांचं दुकान बाजारपेठेत होतं, पोत्यांची तोंडं गुंडाळून ठेवलेली, शेंगदाणे, फुटाणे, डाळ्या, मागं गुळाच्या ढेपा. गिऱ्हाइकानं चव मागायची, उजवा तळहात पुढं करायचा, आणि अब्बा चिमूटभर वरून सोडायचे. गिऱ्हाइकाचा हात पोत्यात गेला नाही पाहिजे आणि अब्बांचा हात त्याच्या हाताला लागला नाही पाहिजे. चव घेऊन आवडली नाही तर "पुढच्या बाजारी बघू" म्हणून निघून जावं, त्यात कुणाला काही वाटत नसे. मुसलमानाच्या दुकानात चव घ्यायला लाजणारी माणसंही तळहात पुढं करायची, कारण मधे हवा होती. मला लहानपणी वाटायचं की जगातली सगळी दुकानं अशीच असतात.

पण मानसिंगराव यायचे. गावातलं मोठं प्रस्थ, उंच, पांढरे कपडे, मिशीला तेल. ते पायरीवर उभे न राहता थेट आत यायचे, पोत्याच्या काठावर बसायचे आणि बोलता बोलता हात घालायचे. मुठीनं. अर्धे फुटाणे तोंडात, अर्धे परत. एकदा त्यांनी ढेपेचा एक खडा उचलला, अर्धा दातांनी तोडला आणि उरलेला ढेपेवर ठेवून दिला, कडेला, अगदी जपून. अब्बा हसले. "घ्या की अजून," म्हणाले. त्या हसण्यात अब्बांचे पुढचे दोन दात दिसायचे, घरी ते कधी तसे हसत नसत. मानसिंगराव गेले तसे अब्बांनी तो खडा उचलून माझ्या हातावर ठेवला. "आईला दे, च्याला हुईल." मी तो आत घेऊन गेले. आठ-नऊ वर्षांची असेन. एका बाजूला तो कोरडा होता आणि दुसऱ्या बाजूला ओला, आणि ओल्या बाजूला दातांच्या खुणा होत्या, दोन मोठ्या आणि एक बारकी. आईनं काही न विचारता तो चहाच्या पातेल्यात टाकला. मी म्हणाले, मला नको चहा. अब्बा म्हणाले, "उकाळलं की सगळं निवळतं. तोंडावर बोललं की गिऱ्हाईक जातं. पी." मी दोन घोट प्यायले आणि परसात जाऊन ओकले. अब्बा बशीत ओतून सगळा प्यायले. मला त्यांचा राग आला नाही, त्या वयात बापाचा राग येत नाही. फक्त त्यानंतर त्यांनी माझा पापा घेतला की मी गाल पुसायचे, त्यांच्या नकळत.

"सुरैय्याताई, कुठं हरवलाय?" परवीनआपा म्हणाली. तिनं आता तिसऱ्या डब्यातला खजूर उचलला होता, मोठा, काळा, चकचकीत. तो खाल्ला, बी काजूंत गेली. तिसरी. मी मोजत होते, न मोजता राहवत नव्हतं. मग तिनं त्याच बोटांनी तसलाच आणखी एक उचलला आणि मागं वळून हाक मारली, "नौशीन, हिकडं ये गं. आ कर." नौशीन ट्रॉली ढकलत मागून येत होती. ती थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तोंड उघडलं आणि परवीनआपानं आपल्या चिकट बोटांनी तो खजूर तिच्या जिभेवर ठेवला, बोटं जरा आतच गेली, आणि बाहेर काढून तिनं ती स्वतः चाटली. "कसा हाय?" नौशीन चघळत म्हणाली, "छान हाय, खाला," म्हणजे मावशी, आणि हसली. तिचे पुढचे दोन दात दिसले. ते हसू मी ओळखत होते, पण ते तिच्याकडं कुठून आलं ते मला कळेना. अब्बा गेले तेव्हा ती पाळण्यात होती.

मग तिनं बी काढून मुठीत धरली. मी त्या मुठीकडं बघत राहिले. मुठीतच धर, बाई. रुमालात ठेव, पर्समध्ये ठेव, गिळून टाक हवं तर. माझ्या पोरीला मी दुसरं काही दिलं नसेल, पण एवढं तर दिलंय. मूठ घट्ट होती, अंगठा वर. परवीनआपा बदामांचा भाव वाचत होती, मी तिला काहीतरी उत्तर दिलं, आणि पुन्हा बघितलं तेव्हा नौशीनचे दोन्ही हात ट्रॉलीच्या दांड्यावर होते, बोटं मोकळी. तिच्याजवळ पर्स नव्हती, ती माझ्या खांद्याला होती. पण कुडत्याला खिसा होता. खिसा असतो आजकाल कुडत्यांना. मी स्वतःला सांगितलं, खिसा आहे.

आम्ही एक किलो काळा खजूर काढून घेतला, बदाम घेतले, पिस्ते घेतले. परवीनआपा म्हणाली, "काजू ह्यातलंच घिऊ, ताजं हाईत." मी म्हणाले, काजू आमच्या ओळखीच्या दुकानातून आणू इंदापुरात. पहिल्यांदाच जरा जोरात म्हणाले. तिनं भुवया उंचावल्या, पण ताणलं नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, एक मिन्ट." दुकानाचा निळा टी-शर्ट घातलेली एक मुलगी होती, छातीवर सृष्टी अशी पाटी. नौशीनपेक्षा लहानच असेल. तिच्या डाव्या तळहातावर एक कागद होता आणि कागदावर खजुराच्या बिया होत्या. ती रागावलेली नव्हती, कंटाळलेली होती. दिवसातून दहादा हेच करत असावी. "काजूच्या डब्यात निगाल्यात ह्या. आत्ता भरला हुता मी डबा, तुमीच हुता हितं. कुणी टाकल्या?" आजूबाजूच्या दोन-तीन ट्रॉल्या थांबल्या. ती द्राक्षवाली बाईसुद्धा थांबली आणि तोंड वाकडं करून बियांकडं बघायला लागली.

परवीनआपानं माझ्याकडं बघितलं. घाबरून नव्हे, विनवून नव्हे. दारात पाहुणा आला की घरातली मोठी बाई सुनेकडं बघते तसं बघितलं, पाणी आण म्हणायची गरज नसते तसं. मी नौशीनकडं बघितलं. नौशीन मात्र विनवत होती. तिचे डोळे मोठे झाले होते, ओठ जरासे हलत होते, आणि मला माहीत होतं की ती मनात काय म्हणतेय. शपथ. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, वाक्यं जुळवूनसुद्धा ठेवली होती, गेला अर्धा तास मी दुसरं काय करत होते. या बाईनं टाकल्यात, मी डोळ्यांनी बघितलंय, एक ह्या खजुराची, एक त्या, एक त्या. एवढं म्हटलं की संपलं. मंगनी संपली, केस मागं सारणं संपलं, खोलीचं दार पुन्हा लागलं. मी म्हणाले, "माझ्या हाईत."

"काकू," सृष्टी म्हणाली, "चव बगा, कोण न्हाय म्हणतंय? पर तोंडातलं परत टाकत्यात का? ह्ये काजू लोकं घरी नेऊन खात्यात." बरोबर होतं तिचं. शब्दन् शब्द माझा होता, मीच तो बोलायला पाहिजे होता, आणि तो माझ्याच अंगावर येत होता. मी मान खाली घातली. तेव्हा मला कागदावरच्या बिया जवळून दिसल्या. चार होत्या. मी पुन्हा मोजल्या. "व्हय की," परवीनआपा म्हणाली, सृष्टीच्या बाजूला जरा सरकून, "बरोबर बोलती पोरगी. सुरैय्याताई, तुमच्याकडं इंदापूरला चालत आसंल, हितं कॅमेरं हाईत." आणि तिनं सृष्टीच्या खांद्यावर थोपटलं, "जाऊ दे बाई, जुनं मानूस हाय." माझ्यापेक्षा ती चार वर्षांनी मोठी आहे. लोक हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं; नुसते बघून पुढं गेले. आणि नौशीन म्हणाली, "अम्मी, तू पण ना," हलक्या, लाडिक आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बिलाच्या रांगेत मी उभी होते आणि माझ्या तोंडात खजुराची चव होती. मी एकही खाल्ला नव्हता. दाराशी निरोप घेताना परवीनआपानं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बोटं अजून चिकट होती, माझ्या बोटांना लागून सुटताना जरा ओढली गेली. "मनाला लावून घिऊ नका," ती म्हणाली. "व्हतं आसं. सवय आसती एकेकाला." तिच्या तोंडावर खरीखुरी दया होती. मी नीट बघितलं, शोधून बघितलं. खोटेपणाचा मागमूस नव्हता. बिया काजूंत टाकणारी मी होते आणि तिनं मला सांभाळून घेतलं होतं, असंच तिला एव्हाना वाटत होतं. माणसाला आपली घाण इतक्या लवकर विसरता येते, हे मला माहीत नव्हतं. नळ शोधला, हात धुतले, पुन्हा धुतले, पदराला पुसले आणि पदराचीही शिसारी यायला लागली.

परतीच्या एसटीत आम्हाला पुढची दोन सीटं मिळाली. सुक्या मेव्याच्या पिशव्या मांडीवर होत्या. काटेवाडी गेली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या होत्या, गाडी रांगेत मुंगीच्या पावलानं चालली होती, आणि सणसरच्या अलीकडं साखर कारखान्याच्या मळीचा तो कुजका गोड वास खिडकीतून आत आला आणि बसला. एरवी मी नाकाला पदर लावते. आज लावला नाही. मी विचारलं, "चौथी कुणाची हुती?"

नौशीन खिडकीकडं बघत होती. तिनं चौथी म्हणजे काय असं विचारलं नाही. "माझी," म्हणाली.

"मुठीत हुती की तुझ्या."

"त्या बघत हुत्या, अम्मी. मी मुठीत धरून ठिवली आसती तर त्यास्नी लागलं आसतं. त्यांनी टाकल्या आन मी न्हाय टाकली, म्हंजी मी त्यास्नी घाण समजती आसं झालं आसतं. तुला कसं कळत न्हाय? मला तितं ऱ्हायचंय." ती हे रडून म्हणाली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती समजावून सांगत होती. औषधाच्या दुकानात म्हाताऱ्या माणसाला गोळी कधी घ्यायची ते सांगते, त्या आवाजात. "एक बी तर हाय. तेनं काय कुणाला मरण येतंय का?" मी तिला म्हणणार होते की ते काजू मी स्वतः घ्यायला नाही म्हणाले, पण दुसऱ्या कुणीतरी घेतलेच असते. पण हे तिला माहीतच होतं. लहानपणापासून मी दुसरं काय बोलत आलेय. तिला सगळं पाठ होतं आणि तरी तिनं झाकण उचललं होतं, आणि लावलंही असणार.

माझा फोन वाजला. सिकंदर, माझा धाकटा भाऊ. ही सोयरीक त्यानंच जुळवून आणली होती. गाडीचा खडखडाट होता म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला. "आपा," तो म्हणाला, "मॉलमधी काय केलंस गं? परवीनआपांचा फोन आलता. रागावल्या न्हाईत, हसत हुत्या. पर म्हणल्या, मंगनीच्या दिवशी सुक्या मेव्याची ताटं तेवढी तुझ्या हातनं नगं. दुसऱ्या कुणालाबी लावू दे म्हणल्या. खरं हाय का गं ते? मला तर पटंना. तू आन आसं?" त्याच्या आवाजात आशा होती. बहीण नाही म्हणेल आणि तो भांडायला उठेल, याची तो वाट बघत होता. मला माहीत आहे तो उठला असता. अब्बांसारखा हसणारा नाही तो, माझ्यासारखा आहे.

नौशीननं सगळं ऐकलं होतं. माझ्या मनगटावर तिनं हात ठेवला. मला वाटलं, आता ही फोन घेईल. क्षणभर मला अगदी खात्री वाटली. मामूला सांगेल की अम्मीनं नाही टाकल्या, आणि मग जे व्हायचं ते होवो. मी फोन तिच्याकडं जरा सरकवलाही. तिनं तो घेतला नाही. माझ्याकडं वाकून कानाशी हळूच म्हणाली, "व्हय म्हण."

"व्हय," मी म्हणाले. "माझ्याच हुत्या."

पलीकडून तो म्हणाला, "बरं. ठिव," आणि त्यानंच ठेवला. नौशीननं सुटकेचा श्वास सोडला, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि तिच्या केसांचा तेलाचा वास आला. तो वास मला तिच्या जन्मापासून ओळखीचा आहे. माझ्या जबड्याच्या मागं, कानाखाली दुखायला लागलं. मळीच्या वासानं असेल म्हणून मी खिडकी पुढं सरकवली, पण वास मागंच राहिला होता, सणसर कधीच गेलं होतं. दुखणं मात्र थांबेना. परवीनआपाची मला सकाळपासून किळस येत होती, ती बाहेरची होती, घरी जाऊन अंघोळ केली की जाणारी. ही तशी नव्हती. माझ्या पोटच्या पोरीची मला किळस येत होती, तिच्या डोक्याचं ओझं खांद्यावर घेऊन मी बसले होते आणि मला ते डोकं बाजूला करावंसं वाटत होतं.

"घसा सुकलाय तुझा," ती म्हणाली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः तोंड लावून प्यायली. या पोरीचं उष्टं मी तिला दात आल्यापासून खाल्लंय. ताटात कालवून टाकलेला भात, चोखून पांढरी झालेली आंब्याची कोय, तापात अर्धी तोंडातून बाहेर आलेली खिचडी मी बोटानं पुसून स्वतःच्या तोंडात घातलीय. जगातल्या सगळ्यांचं मला वावडं होतं, तिचं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की आईला पोराची किळस येऊच शकत नाही. नौशीन बाटली माझ्यापुढं धरणार, एवढ्यात तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि थांबली. मग ओढणीचं टोक घेऊन तिनं बाटलीचं तोंड पुसलं, आधी बाहेरून, मग बोट घालून आतून, सावकाश, नीट, आणि पुन्हा माझ्यापुढं धरली. मला खरंच तहान लागली होती. निमगाव केतकीचा थांबा आला, माणसं उतरली, चढली, गाडी सुटली, तरी ती बाटली तशीच धरून बसली होती आणि मी ती घेतली नाही.